पाऊस आला, खेळ थांबवावा का?



पावसात खेळ चालू ठेवावा की थांबवावा, एवढाच आजच्या भाषणाचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणाल, यात काय मोठेसे? पाऊस आला की थांबावे, उघडला की पुन्हा सुरू करावे. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या झाडीच्या मुलखात तेवढ्याने भागत नाही. आपल्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येऊन जात नाही. मृगात आला की हस्तापर्यंत तो घरचाच होऊन राहतो. शाळांच्या तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या क्रीडा स्पर्धाही बहुधा याच दिवसांत सुरू होतात. पाऊस आहे म्हणून खेळायचे नाही असा नियम केला, तर आश्रमशाळेतल्या मुलांनी चार महिने व्हरांड्यात बसून पागोळ्या मोजायच्या का? आणि ज्या मुलाची आई भर पावसात पिंढरीभर चिखलात वाकून रोवणी करते, त्याला आपण कोणत्या तोंडाने सांगणार की बाळ, भिजशील, घरात बस?

म्हणून पहिली गोष्ट स्पष्टच सांगून टाकतो. नुसता पाऊस हे खेळ थांबवण्याचे कारण नव्हे. कबड्डी चिखलात खेळता येते, फुटबॉल तर चिखलात अधिकच रंगतो. खेळ संपल्यावर मुलांनी अंग पुसावे, कोरडे कपडे घालावेत, म्हणजे झाले. मग भाषण कशासाठी? तर पावसाबरोबर आणखीही काही येत असते, आणि आपण ते सगळे एकाच नावाने ओळखतो. "पाऊस आला" एवढेच आपण म्हणतो. पण त्या दोन शब्दांत मैदानावरचे पाणी असते, घरी जाण्याच्या वाटेवरचा नाला असतो आणि आभाळातली वीजही असते. मैदान, वाट आणि आभाळ हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे एकमेकांत मिसळली की माणसे जिथे थांबायला नको तिथे थांबतात, आणि जिथे थांबायलाच हवे तिथे "होऊन जाऊ द्या" म्हणतात.

मैदानाचा प्रश्न सगळ्यांत सोपा. जमीन किती निसरडी झाली आहे, हे शिक्षकाने किंवा पंचाने स्वतः दहा पावले धावून पाहावे. पाय धरत असला तर खेळू द्यावे, धरत नसला तर थांबवावे. उडी मारून दोन पायांवर उतरायचे असते तो व्हॉलीबॉल आधी थांबेल, फुटबॉल नंतर थांबेल. इथे चूक झाली तर बहुधा गुडघा सोलवटेल, फार तर हात मोडेल. चर्चेला वेळ आहे आणि चर्चा करावी.

वाटेचा प्रश्न थोडा कठीण. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या रानात पाऊस झाला की नाला भरून येतो, हे इथल्या माणसाला शिकवायला नको. भामरागडच्या पर्लकोटा नदीवरचा पूल कित्येक पावसाळ्यांत पाण्याखाली गेला आणि पलीकडची गावे दिवसच्या दिवस तुटून राहिली. म्हणून सामन्याची वेळ ठरवताना घड्याळाइतकेच नाल्याकडेही पाहावे. जी मुले नाल्यापलीकडून आली आहेत त्यांचा सामना सकाळी आधी लावावा. पाणी चढू लागल्यावर सामना अर्धा राहिला तरी बेहत्तर, मुले निघालीच पाहिजेत; आणि पाणी आधीच चढले असेल तर रात्री त्यांना शाळेतच ठेवून घ्यावे.

आता आभाळ. आजचे खरे बोलणे याच्याविषयी आहे, आणि त्यासाठी तुम्हाला थोडे दूर घेऊन जाणार आहे, गोल्फ नावाच्या खेळाकडे.

हा खेळ आपल्यापैकी फार थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिला असेल. सांगायचे तर गोट्या आणि विटीदांडू यांचे लग्न लावावे तसा तो आहे. लांब दांडीच्या काठीने लहानसा कठीण चेंडू टोलवत न्यायचा आणि दूरच्या एका गलीत घालायचा. अशा अठरा गली असतात आणि त्या पुऱ्या करायला चार-पाच तास मोकळ्या हिरवळीवरून चालावे लागते. इंग्रजांनी १८२९ साली कलकत्त्याला या खेळाचा क्लब काढला, तेव्हा ब्रिटनबाहेर असा दुसरा क्लब नव्हता. खेळ श्रीमंतांचा खरा. पण आपल्या दृष्टीने त्यात एक मोठी गोष्ट आहे. उघडे माळरान, त्यावर ताठ उभा एकटा माणूस, आणि हातात बहुधा धातूची काठी. वीज कोसळायला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. त्यामुळे पावसात थांबावे की खेळावे, याचा विचार या खेळाच्या नियमकर्त्यांना फार बारकाईने करावा लागला.

त्यांनी काय ठरवले पाहा. बहुतेक स्पर्धांत पाऊस पडतो आहे, वारा सुटला आहे, एवढ्या कारणाने खेळाडूने आपण होऊन थांबायचे नाही. पण विजेचा धोका आहे असे त्याला मनापासून आणि रास्तपणे वाटले, तर तो कोणाचीही परवानगी न घेता थांबू शकतो. त्याने व्यवस्थापकांना लवकरात लवकर कळवायचे, एवढेच. आणि व्यवस्थापकांनाच धोका दिसला तर ते भोंग्याचा एकच लांब आवाज देतात. तो ऐकल्यावर आणखी एक फटकाही मारायचा नाही. मारला तर खेळाडू स्पर्धेतून बाद! भिजण्याला सूट नाही आणि विजेच्या बाबतीत चर्चा नाही. दोन्ही गोष्टींची सरळ वेगळी वाटणी केलेली आहे.

तरीही अपघात झाले, आणि ते आपल्याला बरेच शिकवतात.

२७ जून १९७५ रोजी अमेरिकेत शिकागोजवळ एक मोठी स्पर्धा चालू होती. पावसामुळे खेळ थांबला होता. ली ट्रेव्हिनो हे नामांकित खेळाडू आणि त्यांचे सहकारी जेरी हर्ड तळ्याजवळच्या हिरवळीच्या कडेलाच बसून पाऊस उघडण्याची वाट पाहत होते. तेवढ्यात वीज आली. दोघेही जखमी झाले. त्याच वेळी मैदानावर दुसरीकडे असलेल्या बॉबी निकोल्स यांनाही तिचा तडाखा बसला. तिघेही वाचले. ट्रेव्हिनोंच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि पुढे त्यांना शस्त्रक्रिया करून घ्याव्या लागल्या. आता यात काय दिसते? खेळ थांबला होता, पण माणसे मैदानावरच होती.

१३ जून १९९१ रोजी अमेरिकेतच, मिनेसोटा राज्यात, दुसऱ्या एका मोठ्या स्पर्धेत वादळ आले तेव्हा काही प्रेक्षक झाडाखाली जाऊन उभे राहिले. वीज तिथे आली. एक जण मरण पावला, पाच जण जखमी झाले. ही माणसे मैदान सोडून गेली होती, पण गेली झाडाखाली.

तिसरी गोष्ट गोल्फची नाही, फुटबॉलची आहे. ३ नोव्हेंबर २०२४ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात वादळ आले म्हणून पंचाने सामना थांबवला. खेळाडू मैदानाबाहेर चालू लागले, आणि चालता चालताच वीज पडून त्यांच्यातला एक जण गेला. निर्णय योग्य होता, दिशाही योग्य होती. उशीर मात्र झाला होता.

थांबूनही मैदानावर राहणे, चुकीच्या आसऱ्याला जाणे आणि उशिरा थांबणे, या तीन चुका लक्षात ठेवा. पैसेवाल्यांच्या हिरवळीवर त्या झाल्या, तशाच त्या आपल्या शाळेच्या पटांगणावर, धानाच्या बांधीत आणि तेंदूपाने तोडायला गेलेल्या रानातही होतात. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात विजेने २,८८७ माणसे मेल्याची सरकारी नोंद आहे. ही माणसे गोल्फ खेळत नव्हती. बरीचशी शेतात, गुरांमागे किंवा झाडाखाली होती.

मग वेळेवर थांबायचे म्हणजे केव्हा? याला यंत्र लागत नाही. वीज चमकते आणि गडगडते ती एकाच क्षणी. पण प्रकाश आपल्यापर्यंत तत्काळ पोचतो आणि आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने मागून येतो. म्हणजे आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. चमक दिसली की मोजायला लागा. गडगडाट ३० पर्यंत ऐकू आला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. पुढची वीज तुमच्या मैदानावर पडू शकते, कारण ढगातून निघालेली वीज १० किलोमीटर आडवी जाऊनही कोसळते; जिथे ती पडते तिथे पाऊस असतोच असेही नाही. म्हणून गणित ३० चे. ३० च्या आत आवाज आला की थांबा आणि आत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर येऊ नका. मोजता येत नसेल, ढगांच्या गर्दीत चमक दिसत नसेल, तर त्याहून सोपे करा. गडगडाट कानावर आला की थांबा. जो आवाज ऐकू येतो, तो बहुधा आपल्याला गाठू शकणाऱ्या अंतरावरून आलेला असतो.

मोबाइल असेल तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे अ‍ॅप घ्यावे. आपल्या आसपास वीज पडत असल्याची सूचना त्यावर मिळते. पण एटापल्ली-भामरागडच्या कित्येक गावांत मोबाइलला रेंज मिळत नाही, हे तुम्ही जाणताच. तिथे कान आहेत. आणि रेडिओ आहे! मध्यम लहरीवर आकाशवाणी ऐकताना मधेच कडकड, खरखर असा आवाज येऊ लागतो ना, तो पुष्कळदा दूरच्या विजेचाच असतो. आभाळ भरून आले असताना रेडिओ वारंवार असा खरखरू लागला तर वैतागू नका, बाहेर मुले कुठे आहेत ते पाहा.

आत जायचे म्हणजे कुठे? शाळेची पक्क्या भिंतींची आणि छताची खोली, ग्रामपंचायतीची इमारत, दवाखाना. व्हरांडा चालणार नाही, मांडव चालणार नाही, शेतातले मचाण तर मुळीच नाही. आत गेल्यावर खिडकी, विजेची तार आणि नळ यांपासून दूर बसावे. जवळ एस.टी. उभी असेल तर तिच्यात बसून काचा लावून घ्याव्या. वीज पडलीच तर बसच्या पत्र्यावरून ती जमिनीत उतरते आणि आतला माणूस वाचतो. मोटारसायकल, सायकल, उघडा ट्रॅक्टर यांना हा गुण नाही.

आणि झाड? पावसात मोहाखाली उभे राहणे आपल्या हाडीमाशी खिळले आहे. पण उंच झाडावर वीज पडली की तिचा काही भाग खोडावरून उडी मारून शेजारच्या माणसावर येतो, आणि उरलेला मुळाशी जमिनीत पसरतो. तळ्यात दगड टाकल्यावर लाटा पसरतात, तसा. दोन पायांत अंतर असेल तर एका पायातून शिरून दुसऱ्यातून तो बाहेर पडतो. गायीबैलांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठे, म्हणून एका झाडाखाली उभी असलेली पाच-सहा जनावरे एकदमच पडलेली दिसतात. रानात सापडलातच, तर एकट्या उंच झाडापासून दूर, ठेंगण्या झाडांच्या दाटीत, खोडांना न टेकता थांबा. बांधीत सापडलात तर पाण्यातून बाहेर या, एकमेकांपासून अंतर ठेवा, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा. जमिनीवर आडवे पडू नका. मात्र हा शेवटचा उपाय आहे, आसऱ्याची बरोबरी त्याला नाही.

पायाळू माणसावर वीज पडते, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य नाही. वीज जन्माची चौकशी करीत नाही. ती उंची पाहते आणि मोकळी जागा पाहते. या समजुतीचा तोटा असा की जो पायाळू नाही तो निर्धास्त बसतो.

आता सर्वांत अवघड भाग. हे सगळे ठाऊक असूनही माणूस थांबत का नाही? कारण थांबण्याची वेळ येते तेव्हा त्याच्या हातात काहीतरी असते. समजा, तालुक्याचा अंतिम सामना आहे. तीन मिनिटे उरली आहेत. आपली शाळा दोन गुणांनी पुढे आहे. मांडवात पाहुणे बसले आहेत, बक्षिसे टेबलावर मांडली आहेत. लांबवर गडगडते. कोपऱ्यातल्या एका मुलाला भीती वाटते, पण तो बोलत नाही. बोलला तर सोबती त्याला भित्रा म्हणतील. पंचाला ऐकू येते, पण तो पाहुण्यांकडे पाहतो. पाहुणे मुख्याध्यापकांकडे पाहतात. मुख्याध्यापक घड्याळाकडे पाहतात. सगळे भले लोक आहेत, पण थांबवा म्हणायचे कोणी?

म्हणून माझे सांगणे असे की हा निर्णय मैदानावर घ्यायचाच नाही. तो आधीच घेऊन ठेवायचा. सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघांसमोर पंचाने मोठ्याने सांगावे: गडगडाट ज्याला प्रथम ऐकू येईल त्याने हात वर करावा, मग तो संघातला सर्वांत लहान मुलगा असो की कडेला बसलेली पाणी देणारी बाई असो. हात दिसला की एक लांब शिटी. शिटी झाली की चेंडू आहे तिथे टाकून सगळे आत. गुण होते तसे राहतील, उरलेली मिनिटे नंतर किंवा उद्या खेळली जातील, आणि हात वर करणाऱ्याला कोणी काही म्हणणार नाही. शाळेची घंटा तर आहेच. एक लांब घंटा म्हणजे आत चला, हे परिपाठाच्या वेळी एकदा सांगून ठेवले की पहिलीतले पोरही विसरत नाही.

थांबणाऱ्याचे नुकसान होणार नाही, असे आधी ठरलेले असेल तरच माणूस वेळेवर थांबतो. हेच सूत्र मला खेळाच्या बाहेर, बांधीपर्यंत न्यायचे आहे. गोल्फच्या खेळाडूला, तो कितीही मोठा असो वा लहान, स्वतःहून थांबण्याचा हक्क आहे. रोवणीला आलेल्या मजूर बाईला तो आहे का? पऱ्हे उपटून ठेवलेले आहेत, एकरी ठराव झालेला आहे, अर्धी बांधी उरली आहे, धुऱ्यावर मालक उभा आहे. ती हात वर करील का? केला तर त्या तासाची मजुरी कोणाची? तेंदूपाने तोडणाऱ्याचेही तेच. मे महिन्याच्या दुपारी वादळ उठते तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पुडक्यांचा हिशेब असतो. शेतकरी बंधूंनो, रोवणीचा ठराव करताना एवढे एक वाक्य त्यात घाला: गडगडाट झाला की सगळे घरात, आणि त्या वेळेची मजुरी कापली जाणार नाही. तुमचे त्यात तास-दोन तास जातील. उरलेले पऱ्हे उद्याही लावता येतील.

शेवटी, कोणाला वीज लागलीच तर काय करायचे ते सांगतो. त्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नका. श्वास आणि नाडी थांबलेली दिसली तरी तो मेला असे धरू नका. छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा, दुसऱ्याला १०८ ला फोन करायला पाठवा, आणि मदत येईपर्यंत दाबणे सोडू नका. जागा धोक्याची असेल तर आधी त्याला आडोशाला न्या. काही भागांत अशा माणसाला शेणामातीत पुरून ठेवतात. त्यात वाचवण्याची मोलाची मिनिटे फुकट जातात. विजेचा तडाखा बसलेली पुष्कळ माणसे वाचतात, आणि त्यांच्यातली कित्येक जण शेजाऱ्याने वेळेवर हात चालवला म्हणून वाचतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. उद्या परिपाठाला मुलांकडून ३० पर्यंत सावकाश मोजून घ्या, एक-एक आकडा एक-एक सेकंदाचा. मग शाळेतली कोणती खोली 'आत' म्हणायची, ते मुलांना नेऊन दाखवा. पाच मिनिटांचे काम आहे. त्यानंतर पाऊस आला तर मुलांना खुशाल खेळू द्या, भिजू द्या. गडगडले की मात्र कोणी कोणाकडे पाहत बसायचे नाही, सगळ्यांनी त्या खोलीत जायचे.